खिशातली रोकड आणि पगाराची तारीख

व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला, तेव्हा आम्ही ‘माणसाच्या खिशात किती पैसे असतात आणि का’ असे सांगितले. चालकांच्या चेहऱ्यावर थोडी नापसंती दिसली. इतिहासाचे व्याख्यान म्हणजे गड-किल्ले, तह आणि लढाया. त्यात खिसा कुठून आला, असे त्यांना वाटले असावे. परंतु व्याख्यानाला आरंभ करून आम्ही विषयाचे नाव उच्चारताच समोर बसलेल्या श्रोत्यांपैकी कितीतरी जणांचा हात नकळत खिशाकडे गेला, आणि विषय अगदीच परका नाही अशी आमची खात्री पटली. त्या व्याख्यानात जे बोललो तेच येथे थोडे नीट लावून लिहीत आहोत.

आमचे शालेय शिक्षण नववीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीतील कपाटातल्या जुन्या अहवालांवर आणि गिरणीतून परतलेल्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यावर. म्हणून येथे अर्थशास्त्राची परिभाषा मिळणार नाही. आमचे म्हणणे एवढेच आहे की, खिशात किती रोकड असावी हे ज्याचा खिसा असतो तो ठरवीत नाही. काटकसरी माणसाच्या खिशात पैसे राहतात आणि उधळ्याच्या राहत नाहीत, ही शिकवण लहानपणापासून सर्वांनी ऐकलेली आहे. ती सर्वस्वी खोटी नाही. पण मुंबईच्या गिरणीकामगाराच्या दीडशे वर्षांच्या इतिहासावर ती घासून पाहिली, तर फारशी टिकत नाही. तेथे खिसा पगाराच्या तारखेवर चालत असे, आणि ती तारीख दुसऱ्याच्या हातात होती.

आरंभी तर खिसाच नव्हता. कावसजी दावर यांची पहिली कापडगिरणी १८५४ साली स्थापन झाली आणि १८५६ साली चालू झाली. त्या काळचा मजूर धोतर आणि बंडीत येई. पैसा ठेवायचा तो कनवटीला. बायका पदराच्या गाठीला बांधीत. रुपया चांदीचा, वजनाला बरोबर एक तोळा. महिना पंधरा रुपये मिळविणाऱ्याला पगाराच्या दिवशी पंधरा तोळे चांदी कमरेला बांधून चाळीपर्यंत चालत जावे लागे. हे ओझे लपविता येत नसे. कुणाच्या कमरेला आज पैसा आहे, हे वाटेवरच्या प्रत्येकाला चालण्यावरून कळे. पाकीट नावाची वस्तू आपल्याकडे सामान्य माणसाच्या हातात आली ती कागदी नोटेच्या मागोमाग. पहिल्या महायुद्धात चांदी महागली, तेव्हा सरकारने १९१७ च्या नोव्हेंबरात एक रुपयाची नोट काढली आणि १९१८ च्या जानेवारीत अडीच रुपयांचीही काढली. ती अडीच रुपयांची नोट फार दिवस टिकली नाही. एक रुपयाची मात्र घडी करून चोरखिशात बसू लागली.

पण हे झाले पैशाच्या रूपाविषयी. मुख्य गोष्ट निराळी आहे.

गिरणीत पगार महिन्याचा असे आणि तो महिना संपल्यावर लगेच मिळत नसे. मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याचे दोन आठवडे, कधी त्याहूनही अधिक दिवस उलटल्यावर हातात पडे. याचा अर्थ काय होतो हे हिशेबाने पाहावे. रत्नागिरीकडचा एक मुलगा आगबोटीने मुंबईला येतो. गाववाल्यांच्या ओळखीने जॉबर त्याला पहिल्या तारखेला कामावर घेतो. त्याच्या कष्टाचा पहिला पैसा त्याला साधारण दीड महिन्याने दिसतो. त्या दीड महिन्यात त्याने खायचे काय? खानावळवालीकडे महिन्याच्या बोलीवर जेवायचे, वाण्याच्या वहीत नाव घालायचे, आणि जॉबरला चहापाण्याला जे द्यावे लागे त्यासाठी सावकाराकडून काढायचे. म्हणजे पहिली कमाई हातात येण्यापूर्वी कर्ज येते. ते त्याच्या उधळेपणाने आले नाही. दारूचा थेंब न घेणाऱ्या, माळकरी मुलालाही ते तसेच येई.

आणि ही साखळी एकट्यावर थांबत नसे. खानावळवाली बाई वीस जणांना महिनाभर जेवू घाली आणि पैसे घेई महिन्यानंतर. म्हणून तीही धान्य उधारीवर आणी. वाणी तिच्याकडून वाढीव दर घेई, कारण त्याचाही पैसा अडकलेला. मालकाने दोन आठवडे मजुराचा पगार अडवून ठेवला की लालबागपासून डिलाईल रोडपर्यंत साऱ्या वस्तीला दोन आठवडे व्याज भरावे लागे. मालकाला मात्र तेवढे दिवस हजारो मजुरांचे पैसे बिनव्याजी वापरायला मिळत. या खानावळवाल्यांना बँकेचे कर्ज मिळावे म्हणून १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. गिरण्या चालू होऊन तेव्हा एकशेएकोणीस वर्षे झाली होती.

पगार मागे ठेवण्यात आणखी एक खुबी होती. मजूर न सांगता काम सोडून गेला, तर राहिलेला पगार बुडे. त्यामुळे पेरणीला गावी जाणाराही दोनदा विचार करी. अडकवलेला पगार हा दावणीचा दोर होता, असे आमचे वडील म्हणत. ते साच्यावर होते आणि दोर तुटला की काय होते हे त्यांना ठाऊक होते.

नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव आपण रविवारच्या सुट्टीसाठी घेतो. ते योग्यच आहे. त्यांनी १८८४ च्या सप्टेंबरात मुंबईत मजुरांच्या सभा भरविल्या आणि सुमारे साडेपाच हजार मजुरांच्या सह्यांचा अर्ज फॅक्टरी कमिशनकडे गेला. त्यात रविवारची सुट्टी होती, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती होती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम असावे ही मागणी होती, जखमी मजुराच्या भरपाईचे कलम होते. पण आणखी एक मागणी होती. तिचा उल्लेख व्याख्यानांतून फार थोडा होतो. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा, ही ती मागणी. वाचणाऱ्याने क्षणभर थांबावे. एक तारखेला द्या असे ते म्हणत नव्हते. पंधरा दिवस तुम्ही ठेवा, पण त्यापुढे ठेवू नका, एवढेच. ज्यांना एवढेसुद्धा मागावे लागले त्यांच्या कनवटीला महिनाअखेरीस काय असेल, हे सांगायला आकडेवारीची गरज नाही. रविवारची सुट्टी १८९० साली मिळाली. तारखेची मागणी पडून राहिली. लोखंडे १८९७ साली प्लेगात गेले.

आकडेवारी पुढे आली तीही पाहू. मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने १९२१-२२ साली कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली. फिंडले शिरास हे त्या कचेरीचे प्रमुख होते. शंभरांपैकी सत्तेचाळीस कुटुंबे कर्जात आढळली. व्याजाचा नेहमीचा दर रुपयाला महिना एक आणा. ऐकायला आणा लहान वाटतो. वर्षाचे बारा आणे होतात, म्हणजे शेकडा पंचाहत्तर. पुढे १९२९ साली नेमलेल्या शाही मजूर आयोगाने १९३१ च्या अहवालात लिहिले की, बहुतेक औद्योगिक शहरांत दोन तृतीयांशांहून कमी नाहीत इतके कामगार कर्जात आहेत, आणि पुष्कळांचे कर्ज तीन महिन्यांच्या पगाराहून मोठे आहे. त्याआधी १९२५ साली दिवाण चमनलाल यांनी पगार आठवड्याच्या आठवड्याला द्यावा असे विधेयक मांडले होते. अहमदाबादच्या गिरण्यांत पंधरवड्याच्या ‘हप्त्या’ची चाल होतीच, तेव्हा ही अशक्य कोटीतील गोष्ट नव्हती. आयोगानेही सोळा दिवसांहून मोठी मुदत नसावी असे सुचविले. कायदा झाला १९३६ साली, अंमल आला १९३७ च्या मार्चअखेर, आणि त्यात मुदत महिन्याचीच राहिली. तारीख मात्र ठरली. हजाराहून कमी कामगार असतील तेथे सातव्या दिवसाच्या आत, हजार किंवा अधिक असतील तेथे दहाव्या दिवसाच्या आत. पंधरा तारखेवरून दहावर यायला बावन्न वर्षे लागली. त्या कायद्यात आणखी एक वाक्य होते: पगार चालू नाण्यांत किंवा चलनी नोटांत द्यावा. हे वाक्य उगीच पडलेले नाही. विणताना बिघडलेले कापड विणकराच्याच गळ्यात मारून त्याची किंमत पगारातून कापण्याची रीत मुंबईच्या गिरण्यांत होती. मजूर घरी जाई तो खिशात कमी पैसे आणि काखेत डाग पडलेले कापड घेऊन.

आमच्या लहानपणी हा कायदा जुना झाला होता. दहा तारखेचा दिवस आम्हाला चांगला आठवतो. गेटाबाहेर तीन प्रकारची माणसे उभी असत. वसुलीला आलेला सावकाराचा माणूस भिंतीला टेकून, वही न उघडता. त्याला सारे तोंडपाठ. युनियनचे वर्गणी गोळा करणारे पावतीपुस्तक घेऊन. आणि बायका. आमची आई पगाराच्या दिवशी धाकट्या बहिणीला कडेवर घेऊन तेथे जाई. वडील व्यसनी नव्हते. पण गेट ते चाळ एवढ्या वाटेत पैशाला किती तोंडे फुटतात हे तिला माहीत होते. वडील पाकीट तिच्या हातात देत. ती त्यातून पाच रुपये काढून त्यांना परत देई. मग उरलेल्यातून प्रथम गावची मनीऑर्डर बाजूला निघे, त्यानंतर खोलीचे भाडे, वाणी, सोसायटीचा हप्ता, भिशी. १८८० सालापासून पोस्टाची मनीऑर्डर आपल्याकडे चालू आहे आणि कोकणातल्या, साताऱ्या-कोल्हापूरकडच्या कित्येक घरांच्या चुली तिच्यावर पेटल्या. ज्या दिवशी मुंबईतला खिसा रिकामा होई त्या दिवशी गावचा भरे, असे म्हणण्यास हरकत नाही.

ज्यांचे कुटुंब गावी होते त्यांची तऱ्हा निराळी. एका गाळ्यात पंधरा-वीस गडी, पाळीपाळीने निजणारे. ट्रंकेला कुलूप असले तरी ते खिळ्याने उघडे. तेव्हा असेल ती रोकड अंगावर बाळगायची किंवा विश्वासाच्या माणसाकडे ठेवायची. आमच्या चाळीत असे ठेव ठेवणारे होते की, त्यांचे पैसे वाण्याकडे बिनव्याजी पडून असत आणि अडीनडीला तेच लोक शेजारच्या सावकाराकडून व्याजाने काढीत. स्वतःचे पैसे का मागत नाही, असे एकाला आम्ही मोठेपणी विचारले. ते म्हणाले, “ते मोडायचे नाहीत रे, गावच्या घराचे आहेत.” बंदा रुपया मोडला की गेला, ही त्यांची श्रद्धा होती. अर्थशास्त्रज्ञ याला अडाणीपणा म्हणतील. आम्ही म्हणणार नाही. कर्ज फेडायला रोज कुणीतरी दारात उभा राहतो. बचतीसाठी कुणी उभा राहत नाही. म्हणून बचत हाताबाहेर ठेवायची.

नाण्यांच्या भानगडी फार झाल्या, त्या येथे थोडक्यात. दुसऱ्या महायुद्धात खुर्द्याची एवढी टंचाई पडली की लोक सुट्याऐवजी पोस्टाची तिकिटे देत-घेत. १९४३ साली मधे भोक असलेला पैसा आला तो तांबे वाचविण्यासाठी. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले आणि आण्याचे सव्वासहा की सहा यावर दुकानोदुकानी वाद झाले. २०११ च्या जूनअखेर पंचवीस पैसेही चलनातून गेले, तेव्हापासून सव्वा रुपयाची दक्षिणा नाण्यांत देता येत नाही. देवाने ती सवलत मनावर घेतली असावी. भटजींनी घेतलेली दिसत नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांचा संप म्हणून सर्वांना ठाऊक आहे. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. आम्ही तेव्हा शाळेत होतो. त्या संपाचे राजकारण हा वेगळा विषय आहे, येथे फक्त खिसा. वडिलांच्या चोरखिशात दोन रुपयांची एक नोट होती. फेब्रुवारीत होती, दिवाळीतही होती. ती ते खर्च करीत नसत. आईने एकदा रॉकेलसाठी मागितली, तेव्हा त्यांनी शेजाऱ्याकडून हातउसने आणले, पण ती नोट काढली नाही. “रिकाम्या खिशाने बाहेर पडलो तर चालण्यात दिसतं,” असे ते म्हणाले. मनीऑर्डर उलटी झाली होती. गावाहून तांदळाचे पोते येत होते. माणूस खिशात पैसे का ठेवतो याची कारणे मोजताना खर्चासाठी, अडचणीसाठी ही दोन आपण सांगतो. तिसरे कारण आम्ही त्या नोटेवरून शिकलो.

खिसा आणि सरकार यांचाही संबंध सांगितला पाहिजे. मोठ्या नोटा रद्द करण्याचे प्रसंग तीन आले. १९४६ च्या जानेवारीत पाचशे, हजार आणि दहा हजारांच्या नोटा गेल्या. १९७८ च्या जानेवारीत हजार, पाच हजार, दहा हजारांच्या. या दोन्ही वेळा गिरणगावात दळण थांबले नाही. ज्या नोटा गेल्या त्या तेथल्या सामान्य कामगाराच्या हाताला लागतच नव्हत्या. ८ नोव्हेंबर २०१६ ला पाचशे आणि हजारच्या गेल्या, तेव्हा चलनाच्या एकूण किमतीतले शेकडा श्याऐंशी गेले. आणि पाचशेची नोट तोवर रोजंदारीच्या माणसाची नोट झाली होती. त्या आठवड्यात आम्ही एक चमत्कार पाहिला. ज्या ठेकेदारांच्या दारी आम्ही थकलेल्या पगारासाठी वर्षानुवर्षे बसलो, त्यांतील काहींनी आपण होऊन दोन-दोन, तीन-तीन महिन्यांचा पगार आगाऊ वाटला. जुन्या नोटांत. लोखंडे यांच्यापासून आजवर कुणाला न साधलेली गोष्ट एका रात्रीत साधली, आणि ते पैसे बदलून घ्यायला आमची माणसे रोजगार बुडवून बँकांसमोर रांगेत उभी राहिली. पुढे रिझर्व्ह बँकेने जाहीर केले की, रद्द झालेल्या नोटांपैकी शेकडा नव्याण्णवांहून अधिक परत आल्या. रोकडही संपली नाही; नोटाबंदीपूर्वी सुमारे पावणेअठरा लाख कोटी रुपयांचे चलन होते, ते २०२४ च्या मार्चअखेर पस्तीस लाख कोटींच्या घरात गेले.

अर्थात मोबाईलवरून पैसे देण्याची सोय वाढली हे खरेच. आमच्याही पाकिटात आता ओळखपत्रामागे घडी केलेली पाचशेची एक नोट असते आणि बाकी व्यवहार बोटाने होतो. हल्ली युनियनच्या कचेरीत येणाऱ्यांत सर्वांत जाड पाकीट असते ते घरपोच पार्सले देणाऱ्या पोरांचे. पण ती रोकड त्यांची नसते. दिवसभर लोकांकडून घेतलेली कंपनीची रक्कम ते छातीशी बाळगून फिरतात. एकाची वाटेत लुबाडली गेली, तेव्हा ती त्याच्याच कमाईतून कापली गेली. पुष्कळ रोकड अंगावर असणे आणि पैसा असणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हे बसचा कंडक्टर पूर्वीपासून जाणतो.

आता एक कबुली. २०१७ साली कायद्यात दुरुस्ती होऊन कामगाराची लेखी संमती नसतानाही पगार चेकने किंवा बँकेच्या खात्यात देण्याची मुभा मालकांना मिळाली. आम्ही त्या सुधारणेचे स्वागत केले होते. सभांतून तसे बोललो होतो. पगाराचा पुरावा राहील, ठेकेदाराला कमी देऊन पूर्ण रकमेवर अंगठा घेता येणार नाही, गेटावरचा सावकार नाहीसा होईल, असा आमचा हिशेब होता. एका ठेकेदाराकडे साफसफाईचे काम करणाऱ्या अकरा बाया होत्या. कागदावर त्यांचे पगार किमान वेतनाप्रमाणे, दर महिन्याला वेळेवर, खात्यात जमा. आम्ही पासबुके पाहिली आणि समाधान मानले. दीड वर्षाने त्यांतील एक बाई मुलीच्या वह्यांसाठी पन्नास रुपये उसने मागायला कचेरीत आली. त्या दिवशी सहा तारीख होती, पगार होऊन दोनच दिवस झाले होते. खोदून विचारल्यावर कळले की, अकराही जणींची एटीएम कार्डे मुकादमाच्या टेबलाच्या खणात होती. पगार जमा झाला की तो स्वतः जाऊन काढी, आपला हिस्सा ठेवी, आणि उरलेले मोजून हातावर देई. कधी चार तारखेला, कधी वीस तारखेला. पासबुकात सारे कायदेशीर होते. कुणी तक्रार का केली नाही, हा प्रश्न आम्ही विचारला नाही. कामावरून काढण्याची भीती आम्हाला नवी नव्हती. लाज वाटली ती आपण पासबुक पाहिले आणि खिसा पाहिला नाही, याची.

कार्डे परत मिळवायला चार महिने लागले. एका दुपारी मुकादमाने ती रबर लावलेल्या जुडग्यात आणून टेबलावर ठेवली. प्रत्येकीच्या कार्डाच्या पाठीवर तिचा गुप्त आकडा बॉलपेनने लिहिलेला. आम्ही त्या अकरा जणींना घेऊन नाक्यावरच्या यंत्रापाशी गेलो, आकडे कसे बदलायचे ते दाखवले. महिन्याची चार तारीख होती, पगार जमा झालेला होता. प्रत्येकीने पाळीपाळीने आत जाऊन पैसे काढले. कुणी दोन हजार, कुणी पाच. सर्वांत वडील बाई आत गेल्या आणि शंभराची एकच नोट घेऊन बाहेर आल्या.

“एवढेच काढलेत, मावशी?” आम्ही विचारले.

“देतंय का ते बघितलं, भाऊ,” त्या म्हणाल्या, आणि नोट पदराच्या गाठीला बांधली.